सरदार ओरडत नाही

काका : नाही म्हणजे नाही. बेचाळीस मरणं? अगं, देवानं माणसाला एक दिलंय, आणि ही कंपनी माझ्याकडे बेचाळीस मागते.

ताई : मरणं नाहीत काका, मरतानाचे आवाज. अर्ध्या सेकंदाचे, एका सेकंदाचे. तासाभराचं काम आहे. तीन आठवडे गेममधल्या सरदाराचे सगळे संवाद इतके छान झाले, आता एवढंच राहिलंय.

काका : काय काय आहे ते पुन्हा एकदा ऐकू दे. ए गेमवाल्या, तूच वाच. तुझीच कंपनी.

गेमवाला : वाचतो. बुडून मरणं, चार प्रकार. कड्यावरून पडून, पाच. बाण छातीत, बाण पाठीत, बाण घशात. भाला, तीन. कुऱ्हाड, सहा. आग. बर्फाखाली अडकून. मग अस्वल.

काका : अस्वल?

गेमवाला : दोन प्रकार.

काका : दोन अस्वलं, की एकाच अस्वलाचे दोन प्रकार?

गेमवाला : एक लहान अस्वल आणि एक मोठं अस्वल.

काका : ऐकलंस ना पोरी? ज्या व्हायकिंगानं तीन होड्या आणि नव्वद माणसं घेऊन समुद्र ओलांडला, ज्याचं नुसतं शीड दिसलं की गावंच्या गावं दारं लावून घ्यायची, त्याला हे लोक लहान अस्वलाकडून मारणार.

गेमवाला : खेळणाऱ्याला नीट खेळता आलं नाही तरच, काका. मग सरदार मरतो आणि पाच सेकंदांनी पुन्हा किनाऱ्यावर उभा राहतो.

काका : वा. मेलेला माणूस पाच सेकंदांत उभा. मग मरणाला किंमत काय राहिली?

ताई : काका, मरणाच्या किमतीवर आपण संध्याकाळी बोलू. आत्ता साडेतीन वाजलेत. पाचच्या आत फाइल गेली नाही तर काय होणार ते तुम्हाला माहितीये.

काका : तुझ्या तोंडून ऐकू दे परत.

ताई : उद्या सकाळी दहाला तो जाहिरातींवाला मुलगा माझ्या या स्टुडिओत येईल. एका पात्राला एकच आवाज, असा त्यांचा नियम आहे. म्हणजे तुमचे तीन आठवड्यांचे संवाद पुसायचे आणि त्याच्याकडून पहिल्यापासून घ्यायचे. पुढचे दोन गेमही त्याचेच. सरदार तुमच्या हातून गेला तो गेला.

काका : तो शांपूवाला ना?

ताई : तोच.

काका : बरं होईल. सरदाराचे केस तरी मऊ राहतील.

गेमवाला : काका, हसण्यावारी नेऊ नका. तुम्हीच हवेत म्हणून मी चार महिने भांडलोय वरच्यांशी. ते म्हणत होते, इतक्या वयस्कर माणसाला कशाला घेता. मी म्हटलं, आमच्याकडे सरदार म्हणजे हाच आवाज. दुसरा कुणी बोलला तर लोक गेम बंद करतील.

काका : असं म्हणालास?

गेमवाला : लेखी.

काका : मग ऐक, तुलाही लेखी दिल्यासारखंच सांगतो. मला सरदार हवाय, खोटं कशाला बोलू? पण मी या धंद्यात आलो ना, तेव्हा पहिली वीस वर्षं मी फक्त मेलो. कुठलाही परदेशी सिनेमा आला की गर्दीत जो मार खाऊन पडतो, त्याचा आपल्या भाषेतला आवाज मी. आ, ऊ, ओय, मेलो. नाव नाही, वाक्य नाही. घरी बायको विचारायची, आज किती वेळा गेलात? मी सांगायचो, आज सोळा. अस्वलसुद्धा केलंय मी, तुला काय वाटलं? तेव्हा मला येत नाही म्हणून नाही म्हणतोय असं समजू नकोस.

ताई : तसं कुणीच समजत नाहीये.

काका : मग ही परदेशी मालिका आली, जिच्यावरून तुमचा गेम निघालाय. हिच्याच स्टुडिओत, तेव्हा हिचे साहेब होते, ही मदतनीस होती. साहेब म्हणाले, हिरोला नेहमी आवाज देतो त्याला ताप आलाय, दोन दिवस तू बोलून ठेव, मग बदलू. दोन दिवसांचे बासष्ट भाग झाले. आयुष्याची वीस वर्षं मरण्यात गेली होती, या सरदारानं मला जगायला लावलं. आणि तो कसला माणूस होता रे. बाविसावा भाग आठवतो?

गेमवाला : वल्ह्याचा. पाठ आहे मला.

काका : सांग बघू.

गेमवाला : वल्हेकऱ्यांपैकी एक पोरगा थकून आडवा पडतो. बाकीचे म्हणतात, टाका त्याला पाण्यात, ओझं कमी होईल. सरदार उठतो, झगा काढून त्या पोराच्या अंगावर टाकतो आणि त्याच्या जागी वल्ह्याला बसतो. रात्रभर.

काका : आणि सकाळी?

गेमवाला : सकाळी विचारतो, "तुझं नाव काय म्हणालास?" आणि मग पुढच्या चाळीस भागांत तो एकाही वल्हेकऱ्याला नावाशिवाय हाक मारत नाही.

काका : मला ते वाक्य सतरा वेळा घ्यावं लागलं. दर वेळी मधेच रडू फुटायचं. हिला विचार.

ताई : एकोणीस.

गेमवाला : काका, ते मी गेममध्ये घेतलंय. म्हणजे, ती माझीच कल्पना. समुद्रात अडकलात की माणसांवर ओरडून होडी पुढे जातच नाही. खेळणाऱ्यानं स्वतः वल्ह्याला बसायचं. मगच बाकीचे जोर लावतात.

काका : हे चांगलं केलंस. हे फार चांगलं केलंस. आणि डोक्यावरची ती शिंगं?

गेमवाला : काढायला लावली. खऱ्या व्हायकिंगांच्या शिरस्त्राणाला शिंगं नव्हती हो. वरचे म्हणाले, शिंगांशिवाय लोकांना ओळखू येणार नाही. मी म्हटलं, काका बोलले की ओळखू येईल.

काका : खांदे मात्र कपाटासारखे केलेत. मालिका ज्या कादंबरीवरून घेतली, तिच्यात काय आहे ठाऊक आहे का? बुटका आहे तो. टक्कल पडलेला. आणि सातशे पानं त्याची दाढ दुखत असते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला राग आला होता. मग वाटलं, दाढ दुखत असताना एवढं राज्य उभं केलं, म्हणजे हा मालिकेतल्यापेक्षाही मोठा. तीनदा वाचली मी ती.

ताई : कादंबरीत तो मरतो कसा, ते कुठे आहे काका? तिथेही नाहीच आहे ना. होड्या वळणाआड जातात आणि पुस्तक संपतं.

काका : बरोबर. लेखकानं ते सोडून दिलं. ते मालिकेनं दाखवलं, आणि असं दाखवलं की बस्स. त्यासाठीच तर मी अडून बसलोय. मागून शत्रू, वरून वादळ. तीनातली एक होडी फुटलेली. सगळे मावणार नाहीत. कुणीतरी मागे राहून शत्रूला वाटेत अडवलं पाहिजे. हा म्हणतो, "निघा. मागे वळून बघेल त्याला मी माफ करणार नाही." हे माझं शेवटचं वाक्य. मग त्याची पाठ आपल्याकडे, तोंड समुद्राकडे. होड्या निघतात. मागून बाण येतो. हा गुडघ्यावर बसतो. आणि तोंडातून हूं नाही. नुसत्या लाटा. अरे, माझ्या शेजारच्या बाईंनी दार ठोकून मला सांगितलं होतं, आमचे हे रडतायत हो, जरा येऊन बसा त्यांच्यापाशी.

गेमवाला : आमच्या घरातही तेच झालं होतं.

काका : मग? आठ वर्षं झाली त्या भागाला. आठ वर्षं मी जिथे जातो तिथे लोक त्या शेवटाबद्दल विचारतात. मी सांगतो, सरदार ओरडत नाही. सोसतो. आणि आता मीच अस्वलापुढे ओय ओय करू?

गेमवाला : एक गंमत सांगू का? वरच्यांनी या यादीत एक तळटीप टाकलीये. पाठीत बाण, त्या आवाजाला. पुढे लिहिलंय, "मालिकेच्या शेवटच्या भागातल्या हाकेसारखा".

काका : कुठली हाक?

गेमवाला : तेच तर. मी त्यांना कळवलं, अहो, शेवटच्या भागात हाक नाहीचये. त्यांचं उत्तर आलं, नीट बघा.

काका : या लोकांनी मालिका पाहिलेलीच नाही. लिहून मोकळे होतात.

ताई : काका, तुम्हाला गरम पाणी आणू?

काका : आत्ताच तर दिलंस. हे काय, भरलेला पेला. तुझं लक्ष कुठंय?

ताई : काही नाही. चार वाजत आले. काका, माझं ऐका. तत्त्व वगैरे ठीक आहे, पण आवाज देऊन टाका. लोक गेममध्ये एवढं बघत नाहीत.

काका : तू म्हणतेस हे? तू? ज्या बाईनं ती शांतता केली, ती? अरे गेमवाल्या, तुला माहितीये का, त्या शेवटाचं बक्षीस हिला मिळालंय. भिंतीवर लावलंय बघ तुझ्या मागे. वाच.

गेमवाला : "शांततेच्या धाडसी वापरासाठी". ताई, हे तुम्ही केलंत?

ताई : लहान होते मी तेव्हा. जाऊ दे ते.

काका : लहान कसली, सदतीसची होतीस. साहेबांनी त्या बक्षिसानंतर स्टुडिओ हिच्या हाती दिला. नव्या पोरांना शिकवायला जाते तिथेही तोच शेवट लावून दाखवते. आणि आज मला सांगते, देऊन टाका.

गेमवाला : ताई, तुम्हाला कल्पना नाही तुम्ही काय करून ठेवलंय. मी हे कुणाला सांगत नाही, पण तुम्हाला दोघांना सांगायला हवं. मी आणि बाबा ती मालिका एकत्र बघायचो. बाबा गोदामात हिशेब बघायचे, घरी आले की बोलायचे नाहीत फारसे. पण सरदार लागला की खुर्ची पुढे ओढायचे. शेवटचा भाग संपला तेव्हा उठून दिवा लावला आणि म्हणाले, "जावं तर असं."

काका : बरोबर म्हणाले.

गेमवाला : तीन वर्षांपूर्वी त्यांना हाडांचा कॅन्सर झाला. शेवटी शेवटी औषधानंही दुखणं थांबेना. ते ओरडायचे, म्हणजे इतके की वॉर्डातले लोक कुरकुर करायला लागले. मला, खरं सांगतो, लाज वाटायची. एक दिवस मी त्यांच्या कानाशी वाकून म्हटलं, बाबा, लोक बघतायत. जरा सोसा ना. सरदार आठवा.

काका : मग?

गेमवाला : त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि गप्प झाले. त्यानंतर शेवटचे दोन दिवस हूं की चूं नाही. मी उशाशी बसायचो, ते नुसते बघायचे. गेले तेही तसेच. मला इतका अभिमान वाटला होता, काका. वाटलं, माझे बाबा सरदारासारखे गेले.

काका : मोठा माणूस.

गेमवाला : म्हणून म्हणतो, तुमचं बरोबर आहे. मी आत्ता फोन करतो. सांगतो, आमच्या भाषेत सरदार मुकाट मरेल. बेचाळीस जागी नुसता श्वास ठेवा. नोकरी जाईल तर जाईल.

ताई : फोन ठेव.

गेमवाला : ताई, मी ठरवलंय.

ताई : फोन ठेव खाली. आधी माझं ऐक. काका, तुम्हीही बसा. ती शांतता मी केलेली नाही.

काका : मग कुणी केली? साहेबांनी?

ताई : कुणीच नाही. ती चूक होती.

काका : काय बोलतेस तू?

ताई : तुम्हाला आठवत असेल, आपण किंचाळ्या, हाका, सगळं ओरडण्याचं काम दिवसाच्या शेवटी घेतो. आधी घेतलं तर गळा बसतो आणि संवाद खराब होतात.

काका : पहिल्यापासून तीच पद्धत आहे.

ताई : त्या दिवशी तुमची ओरडण्याची यादी अकरा आवाजांची होती. यादी करायचं काम माझं. दहा कागदाच्या पुढच्या बाजूला, अकरावा मागच्या बाजूला. शेवटचा दिवस होता, सगळे भेटायला आले होते, तुम्ही प्रत्येकाच्या गळ्यात पडत होतात. मी दहा घेतले आणि कागद फाइलला लावला. पान उलटलंच नाही.

काका : आणि अकरावा?

ताई : अकरावा तो होता. पाठीत बाण लागल्यानंतरचा.

गेमवाला : म्हणजे मूळ मालिकेत...

ताई : मूळ मालिकेत सरदार ओरडतो. काकांना ते कधी ऐकवलंच नव्हतं, कारण रेकॉर्डिंगला त्यांना दाखवला तो प्रसंग मी त्यांच्या शेवटच्या वाक्यावर कापला होता. परदेशातून आपल्याकडे जो ट्रॅक येतो, त्यात वारा, लाटा, वाद्यं असतात. माणसांचे आवाज नसतात, ती जागा आपण भरायची असते. आपण भरली नाही, म्हणून नुसत्या लाटा राहिल्या. सरदाराची पाठ होती, ओठ दिसत नव्हते, म्हणून मिक्सिंगला कुणाच्या लक्षात आलं नाही. मला कळलं तेव्हा भाग दाखवून झाला होता. आणि लोक रडत होते. साहेबांनी मला जवळ बोलावून विचारलं, ही कल्पना तुझी? मी हो म्हटलं.

काका : आठ वर्षं.

ताई : हो.

काका : आठ वर्षं मी छाती काढून सांगत फिरलो. शाळांत जाऊन पोरांना सांगितलं. सरदार ओरडत नाही. आणि तू समोर बसून मान डोलवायचीस?

ताई : मला दर वेळी वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, कुणाचं काय बिघडतंय. चांगलीच गोष्ट घेतायत लोक त्यातून. आज तुमचं काम जायची वेळ आली, तेव्हासुद्धा मी तोंड उघडलं नाही, ही माझी लायकी. पण हा त्याच्या वडिलांचं सांगायला लागला, तेव्हा मला गप्प बसवेना. काका, तुम्ही मला काय वाट्टेल ते बोला.

काका : बोलणार आहे. चांगलं वर्षभर बोलणार आहे. पण ते नंतर. मूळ आवाज आहे तुझ्याकडे?

ताई : आहे.

काका : लाव.

ताई : याच्यासमोर?

गेमवाला : लावा ताई. मला ऐकायचंय.

(स्पीकरवर वारा आणि लाटा. बराच वेळ तेवढंच. मग एका माणसाचा फाटलेला आवाज, परक्या भाषेतला एकच शब्द.)

काका : काय म्हणाला तो? मला ती भाषा येत नाही, तू रोज तुझ्या वरच्यांशी बोलतोस, तू सांग.

गेमवाला : "थांबा."

काका : थांबा?

गेमवाला : "थांबा." होडीतल्यांना म्हणतोय.

काका : ज्यांना निघा म्हणाला त्यांनाच? ज्यांना म्हणाला, वळून बघाल तर माफ करणार नाही?

ताई : हो.

काका : म्हणजे भ्याला होता.

गेमवाला : भ्याला होता. आणि मी बाबांना म्हटलं सोसा. ताई, माझे बाबा कुणाचं बघून गप्प झाले? तुमच्या न उलटलेल्या पानाचं?

ताई : हो रे. त्या पानाचंच.

गेमवाला : त्यांचं अंग आतून तुटत होतं. आणि मी त्यांना ओरडूही दिलं नाही.

काका : जरा दम धर. पोरी, पुन्हा लाव. माझ्या वाक्यापासून लाव.

ताई : काका, कशाला आता?

काका : लाव म्हटलं ना. आणि घड्याळ बघ. माझ्या वाक्यानंतर किती वेळानं तो शब्द येतो?

ताई : एक मिनिट वीस सेकंद.

काका : आणि बाण कधी लागतो?

ताई : पस्तिसाव्या सेकंदाला.

काका : बाण पस्तीसला. हाक ऐंशीला. मधे काय करतो हा पंचेचाळीस सेकंद? चित्र दाखव.

ताई : गुडघ्यावर बसलाय. समुद्राकडे बघतोय.

काका : होड्या कुठे आहेत बाण लागला तेव्हा?

ताई : इथे. जवळच. माणसं दिसतायत.

काका : आणि हाक मारतो तेव्हा?

ताई : आता फक्त शिडं दिसतायत. एक तर दिसतच नाही.

काका : कळलं का तुला, गेमवाल्या? जवळ होत्या तेव्हा हाक मारली असती तर काय झालं असतं?

गेमवाला : वळले असते. सगळे मेले असते.

काका : मग? बाण पाठीत घुसलाय, जीव घाबराघुबरा झालाय, आणि हा दात खाऊन शिडं मोजत बसलाय. आता ऐकू जाणार नाही अशी खात्री झाली, तेव्हा तोंड उघडलं. ओरडला तो, पण कुणाला ऐकू जाणार नाही बघून. अरे, मी आठ वर्षं या माणसाला ओळखलंच नव्हतं. मुकाट मरणारा सोपा होता. हा भलताच मोठा निघाला.

गेमवाला : काका.

काका : बोल.

गेमवाला : वॉर्डात एक सिस्टर होत्या. बाबा गेल्यावर मी त्यांना म्हणालो, शेवटी बाबा किती शांत होते नाही? त्या म्हणाल्या, तुम्ही खाली गेलात की ते ओरडायचे. जिना उतरून तुम्ही कँटीनला जायचात ना, तेवढा वेळ. वर यायच्या आत गप्प व्हायचे.

काका : तू काय म्हणालास त्यांना?

गेमवाला : मी चिडलो. म्हटलं, तुमचा दुसऱ्या पेशंटशी घोळ होतोय. माझे बाबा तसे नव्हते. आणि निघून आलो. तीन वर्षं मी ते कुणाला सांगितलेलं नाही.

ताई : पाणी घे. बस इथे.

गेमवाला : मी दिवसातून दोनदाच जायचो खाली. दोनदाच, ताई.

काका : हे बघ पोरा. त्यांनी सरदारासाठी सोसलं असं तू धरून चाललास. कुणी बाप टीव्हीतल्या माणसासाठी एवढं सोसत नाही. तुला बघवत नव्हतं ते त्यांना दिसलं. तू लांब जाईपर्यंत थांबले ते, आणि मग ओरडले. बरं झालं ओरडले. मला तर ऐकून बरं वाटलं.

गेमवाला : मलाही वाटतंय. वाईट वाटतंय, पण बरंही वाटतंय.

काका : वाटू दे. पोरी, किती वाजले?

ताई : सव्वाचार.

काका : माईक लाव. बेचाळीस म्हणालीस ना? अस्वलासकट देतो सगळी.

ताई : काका, नक्की?

काका : पाठीत बाण आधी. तो जुना राहिलाय, त्याचं उसनं आधी फेडू. गळा बसला तर बसू दे आज.

ताई : मी कंपनीला पत्र लिहिते. खरं काय झालं ते. तो शेवट पुन्हा जोडून घेऊ, आणि भिंतीवरचं ते उतरवते.

काका : पत्र लिही. भिंतीवरचं राहू दे, नाहीतर रंगाचा डाग दिसेल तिथे. आणि चेहरा नीट कर, कामाला बसायचंय तुला. चित्र मला नको. फक्त शेवटचं शीड दिसेनासं झालं की लाल दिवा दे.

ताई : देते. हेडफोन लावलात? ऐकू येतंय माझं?

काका : येतंय. माईकची पातळी खाली घे, जोरात येणार आहे. आणि ए, गेमवाल्या, तू बाहेर जाऊन बस हवं तर. काचेतूनसुद्धा कान फाटतील.

गेमवाला : नाही काका. तुम्ही ओरडा. मी बसतो इथेच.